मन आणि मेंदू : एक की दोन?

आपल्या रोजच्या बोलण्यात मन आणि डोके हे दोन शब्द वारंवार येतात. मुलाचे अभ्यासात मन लागत नाही, अशी आईची तक्रार असते. गणित सुटले नाही की आज डोके चालत नाही, असे तोच मुलगा म्हणतो. कोणाचे मन दुखावते, कोणाचे डोके फिरते. एखादी गोष्ट मनातून जात नाही आणि एखादी काही केल्या डोक्यात शिरत नाही. माया, राग, इच्छा ही मनाची कामे. हिशेब, तर्क, आठवण ही डोक्याची कामे, अशी वाटणी भाषेने करून ठेवली आहे. परंतु मन शरीरात कोठे आहे असे विचारले, तर माणूस छातीवर हात ठेवतो आणि डॉक्टर कवटीकडे बोट दाखवतात. मग मन आणि मेंदू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, की एकाच वस्तूची ही दोन नावे आहेत?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. एखाद्या घरातील तरुण मुलगी हळूहळू अबोल होते, तिचे खाणेपिणे सुटते, रात्र रात्र ती जागी राहते. एक शेजारी सांगतो की बाहेरची बाधा आहे, भगताला दाखवा. दुसरा म्हणतो, हे सारे मनाचे खेळ आहेत, तिने मन घट्ट केले पाहिजे. तिसरा म्हणतो, मेंदूचा आजार असेल, गोळ्या सुरू करा, दुसरे काही लागत नाही. या तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी मनाविषयीची तीन निरनिराळी मते आहेत आणि चुकीच्या मताची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. तसेच, "आपल्या मुलांचे डोकेच तेवढे" असे म्हणून जो बाप मुलाला शाळेतून काढतो, त्याच्याही बोलण्यामागे मेंदूविषयीचे एक मत दडलेले असते. म्हणून या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

जुनी मते

प्राचीन काळी बहुतेक देशांत मनाचे स्थान हृदयात मानले जात असे. चरकसंहितेत मनाचा संबंध हृदयाशी जोडलेला आहे. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यालाही हृदय हेच जाणिवेचे केंद्र वाटत होते. मेंदूचे काम रक्त थंड ठेवणे एवढेच आहे, असे तो समजत होता. ही समजूत का झाली हे कळण्यासारखे आहे. भीती वाटली की छाती धडधडते, दुःख झाले की छातीत दाटून येते. मेंदू मात्र काम करताना काहीच आवाज करत नाही.

परंतु त्याच ग्रीस देशात, इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास, हिपोक्रेटिस या वैद्याच्या परंपरेतील एका ग्रंथात वेगळे मत मांडले गेले. त्या काळी फेफरे हा देवाच्या कोपाने होणारा आजार समजत. ग्रंथकाराने सांगितले की हा आजार इतर आजारांसारखाच आहे आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. सुखदुःखही मेंदूमुळेच जाणवते. फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावणारे लोक आजही आपल्या भोवती आहेत. हे पाहिले म्हणजे शहाणपण ग्रंथात येणे आणि ते घराघरांत पोहोचणे यांत किती अंतर असते, ते कळून येते.

युरोपात सतराव्या शतकात रेने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने मन आणि शरीर ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत असे ठामपणे मांडले. शरीर जागा व्यापते, पण विचार करत नाही. मन विचार करते, पण जागा व्यापत नाही, असे त्याचे म्हणणे होते. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्राने एक सरळ प्रश्न विचारला. जे जागाच व्यापत नाही, ज्याला स्पर्शच होत नाही, ते मन शरीराला हलवते तरी कसे? मनात आले आणि हात उचलला, हे घडते कसे? १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देकार्तने मेंदूच्या मधोमध असलेल्या एका लहान ग्रंथीकडे बोट दाखवले आणि मन व शरीर यांची गाठ तेथे पडते असे सांगितले. पण गाठीचे ठिकाण सांगितल्याने ती गाठ कशी पडते हे कळत नाही. राजकन्येचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

मेंदूची थोडी ओळख

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा भाग. परंतु आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा भाग एकटा मेंदू घेतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. सान्तियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने या पेशी एकमेकींपासून सुट्या आहेत हे दाखवून दिले. त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका पेशीतून विजेची सूक्ष्म लहर धावते, टोकाशी रासायनिक द्रव्य सुटते आणि पुढच्या पेशीला निरोप पोहोचतो. एकेक पेशी अशा हजारो पेशींशी जोडलेली असते. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावर पट्ट्या लावून मेंदूतील या विजेच्या लहरींचा आलेख प्रथमच घेतला. फेफऱ्याच्या रोग्याची आज जी तपासणी करतात, ती तेथून सुरू झाली.

मेंदूला इजा, मनात बदल

मन मेंदूवर अवलंबून आहे, याचा पुरावा आपण घरबसल्याही पाहू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिली की माणसाची शुद्ध हरपते. दारू पोटात गेली की भिडस्त माणूस भांडखोर होतो. औषध आणि दारू हे दोन्ही जड पदार्थ आहेत. ते रक्तातून मेंदूत जातात आणि बदलते ते मन.

वैद्यकाच्या इतिहासात याहून ठळक दाखले आहेत. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावण्याचे काम चालू होते. फिनियस गेज हा २५ वर्षांचा मुकादम दारू ठासत असताना स्फोट झाला आणि सुमारे साडेतीन फूट लांब व सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून आरपार गेली. तो वाचला. त्याची वाचा व स्मरणशक्ती शाबूत राहिली, पण डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवले की त्याचा स्वभाव पालटला. पूर्वीचा शांत, जबाबदार माणूस लहरी आणि शिवराळ झाला. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्याचीही मुळे मेंदूत आहेत, हे यावरून दिसले. मात्र या गोष्टीचा उत्तरार्ध बहुधा सांगितला जात नाही. पुढे गेजने दक्षिण अमेरिकेतील चिली देशात घोड्यांच्या प्रवासी गाडीवर कित्येक वर्षे सारथ्य केले. हे काम बेजबाबदार माणसाचे नव्हे. म्हणजे नियमित काम मिळाल्यावर त्याचे मन बरेचसे सावरले असावे, असे अभ्यासक मानतात.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लबोर्न्य नावाच्या रोग्याचा मेंदू तपासला. हा रोगी अनेक वर्षे 'तान' या एका उच्चाराखेरीज काहीच बोलू शकत नव्हता. पण इतरांचे बोलणे त्याला बरेचसे समजत होते. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली. डोक्यात शब्द आहेत, पण ते तोंडावाटे बाहेर येत नाहीत, अशी अवस्था पक्षाघाताच्या रोग्यांत आपणही पाहतो. अशा रोग्याला वेडा समजून त्याच्यासमोर वाटेल ते बोलू नये. तो ऐकत असतो.

तिसरा दाखला हेन्री मोलेसन यांचा. तीव्र फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढून टाकण्यात आला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. फेफरे कमी झाले, परंतु नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिलनर या संशोधिका त्यांना कित्येक वर्षे भेटत राहिल्या. प्रत्येक भेटीत त्या मोलेसन यांना अनोळखीच वाटत. मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला सांगितली. दररोज ते म्हणत की हे काम आपण पूर्वी केलेले नाही, पण दररोज त्यांचा हात अधिक सफाईने चालत होता. यावरून असे कळले की ज्याला आपण 'आठवण' म्हणतो, ती एक गोष्ट नाही. प्रसंगाची आठवण वेगळी आणि हाताच्या कौशल्याची आठवण वेगळी. मोलेसन २००८ साली वारले. स्मरणशक्तीविषयी आज जे ज्ञान आहे, त्यातील मोठा वाटा या एका रोग्याने दिला.

मग मन म्हणजे मेंदूच का?

इतका पुरावा पाहिल्यावर मन म्हणजे मेंदूच, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. पण एवढ्यावर थांबता येत नाही. समजा, आपली दाढ दुखत आहे. उत्तम यंत्राने मेंदूचे चित्र घेतले तर कोणता भाग अधिक काम करतो आहे, ते डॉक्टरांना दिसेल. पण दुखणे दिसणार नाही. दुखणे ज्याचे त्यालाच कळते. पेशींमधील विजेच्या लहरींतून दुखण्याचा अनुभव का व कसा उत्पन्न होतो, याला डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ साली 'कठीण प्रश्न' असे नाव दिले. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

कॅनडातील मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड हे रोग्याला जागे ठेवून शस्त्रक्रिया करत. कारण खुद्द मेंदूला वेदना होत नाही. मेंदूच्या एका ठिकाणी विजेचा हलका स्पर्श केला की रोग्याचा हात उचलला जाई. परंतु रोगी म्हणे की हात मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. यावरून पेनफिल्ड यांनी १९७५ साली असे मत मांडले की मन हे मेंदूहून निराळे तत्त्व असावे. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. हात हलण्याच्या जागेला स्पर्श झाला, ठरवण्याचे काम करणाऱ्या जागांना झाला नाही, म्हणून रोग्याला तसे वाटले, असे त्यांचे उत्तर आहे.

येथे एक साधे उदाहरण घेऊ. पाय आणि चालणे या एकच गोष्टी आहेत का? पायाशिवाय चालणे नाही. पाय मोडला तर चालणे थांबते किंवा लंगडे होते. तरी पाय म्हणजे चालणे नव्हे. झोपलेल्या माणसाला पाय असतात, चाल नसते. आणि पाय कापून आत शोधले तर स्नायू व हाडे सापडतील, चाल सापडणार नाही. म्हणून चाल ही पायाहून वेगळी, पायात येऊन राहणारी अदृश्य वस्तू आहे, असे कोणी म्हणत नाही. चालणे ही वस्तूच नव्हे, ती क्रिया आहे. शिवाय तिला नुसता पाय पुरत नाही. खाली जमीन लागते, तोल लागतो आणि लहानपणी कोणीतरी बोट धरून शिकवावे लागते.

मन आणि मेंदू यांचे नाते असेच समजता येईल. मेंदू ही वस्तू आहे. मन ही क्रिया आहे. जिवंत शरीरात, माणसांच्या सहवासात, भाषेच्या आधाराने मेंदू जे करतो त्याला आपण मन म्हणतो. म्हणून दोन्ही एक नाहीत, आणि मेंदूला सोडून वेगळे राहणारे मन असल्याचाही पुरावा नाही. या उदाहरणाने चाल्मर्स यांचा कठीण प्रश्न सुटतो असे नाही. मात्र मनाला शरीरात शिरलेला पाहुणा समजण्याची चूक त्याने टळते.

क्रियेने वस्तूही बदलते

चालण्याने पायाचे स्नायू बळकट होतात. तसेच मनाच्या कामाने मेंदू बदलतो का? बदलतो, हे आता मोजून दाखवले गेले आहे. लंडनच्या टॅक्सीचालकाला परवान्यासाठी शहरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की अशा चालकांच्या मेंदूत जागांची आठवण ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. ज्यांचा तो भाग मुळातच मोठा, तेच टॅक्सी चालवू लागत असतील, अशी शंका निघाली. म्हणून पुढे ७९ उमेदवारांची शिकण्यापूर्वी व शिकल्यानंतर तपासणी झाली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुरुवातीला कोणात फरक नव्हता; जे ३९ उमेदवार अभ्यास करून उत्तीर्ण झाले, त्यांच्या मेंदूचा तो भाग वाढलेला आढळला.

दुसरा दाखला रोगाचा. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे, असा एक मनोविकार असतो. अमेरिकेत लुईस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना औषध दिले आणि काहींना औषधाशिवाय केवळ वर्तन बदलण्याचे शिक्षण दिले. १९९२ साली त्यांनी नोंदवले की जे बरे झाले, त्यांच्या मेंदूच्या एकाच भागात सारखाच बदल झाला होता. काहींना औषधाने गुण आला आणि काहींना शिकवणुकीने. पण बदल मेंदूच्या त्याच ठिकाणी झाला.

विश्वासाचेही तसेच आहे. दाढ काढलेल्या रोग्यांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेले द्रव टोचले, तरी काहींचे दुखणे कमी होते. १९७८ साली असे दिसून आले की मेंदूतील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांना अडवणारे औषध दिल्यास अशा रोग्यांचे दुखणे पुन्हा वाढते. अंगारा लावल्यावर बरे वाटले, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो खोटेच बोलतो असे नाही. गुण अंगाऱ्याचा नसतो. अपेक्षेने त्याच्याच मेंदूने केलेल्या कामाचा असतो. परंतु असा दिलासा तात्पुरता असतो. त्याने गाठ विरघळत नाही, क्षयरोग बरा होत नाही आणि वेळ मात्र निघून जाते.

तथागतांची भूमिका

बुद्धांनी मेंदूचे शास्त्र सांगितले, असा दावा करण्याचे कारण नाही. पाली परंपरेतील शरीराच्या बत्तीस भागांच्या यादीत मेंदूचा उल्लेख येतो, पण विचाराचे साधन म्हणून नव्हे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात मनाचा आधार हृदयात सांगितलेला आहे. मूळचे गोव्याचे असलेले धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली सिद्ध केली, म्हणून आपल्याकडील अभ्यासकाला तो वाचता आला. विशेष म्हणजे अभिधम्माच्या पट्ठान या ग्रंथात, ज्या रूपाच्या आधाराने मन चालते ते रूप, एवढेच म्हटले आहे. हृदयाचे नाव तेथे नाही. आधार असतो हे मान्य करून त्याची जागा मोकळी ठेवलेली आहे. आज त्या जागी मेंदू लिहिता येतो.

खरे महत्त्व आहे ते विचाराच्या दिशेला. मज्झिम निकायातील ३८ व्या सुत्तात साती नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. तेच एक विज्ञान, म्हणजे जाणीव, न बदलता येथून तेथे फिरत राहते, असे तो सांगत असे. तथागतांनी त्याला बोलावून त्याची समजूत दुरुस्त केली. जाणीव कारणांवाचून उत्पन्न होत नाही. डोळा आणि दृश्य यांच्यामुळे होते ती पाहण्याची जाणीव, कान आणि शब्द यांच्यामुळे होते ती ऐकण्याची. यासाठी त्यांनी अग्नीचा दृष्टान्त दिला. लाकडावर पेटला तो लाकडाचा अग्नी, शेणीवर पेटला तो शेणीचा. जळणाशिवाय निराळा अग्नी कोठे साठवलेला नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पना नाकारताना हाच विषय घेतला आहे. जेथे शरीर असते तेथे जाणीव असते, हे समजावण्यासाठी त्यांनी विज्ञानातील उदाहरण दिले. विद्युत क्षेत्र असेल तेथे त्याच्यासोबत चुंबकीय क्षेत्र असते, तसे हे नाते आहे. येथे आत्म्याला जागा नाही. पण मनाला पूर्ण जागा आहे आणि त्याला वळण लावण्याची जबाबदारीही आहे.

यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट आजारपणाची. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रोगी होते, ज्यांना भ्रम होत व पुढे लकवा येऊन ते मरत. १९१३ साली अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. पेनिसिलिन आल्यावर तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी माणूस उदास व सुस्त होतो आणि साध्या रक्ततपासणीने ते कळते. म्हणून मनाचा आजार दिसताच आधी डॉक्टरांकडे जावे. मधुमेही माणसाला आपण 'मन घट्ट कर म्हणजे साखर उतरेल' असे म्हणत नाही; उदासीनतेच्या रोग्यालाही म्हणू नये. त्याच वेळी, नुसत्या गोळ्या देऊन त्याला एकटे सोडू नये. बोलणे, सोबत, झोप, काम यांचाही परिणाम मेंदूवरच होतो. गोळी सुरू करणे आणि थांबवणे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिलेला असावा.

दुसरी गोष्ट 'जन्मजात डोक्याची'. ज्या ब्रोकाचा उल्लेख वर आला, त्यानेच मेंदूंची वजने घेऊन पुरुष श्रेष्ठ की स्त्री, गोरे श्रेष्ठ की काळे, हे ठरवण्याचा उद्योग केला. परंतु वजनाने त्या विद्वानांना साथ दिली नाही. रशियन लेखक तुर्गेनेव्ह यांचा मेंदू २००० ग्रॅमहून अधिक भरला, तर १९२१ चे नोबेल मिळवणारे फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स यांचा जेमतेम १००० ग्रॅमच्या आसपास. आइन्स्टाइन यांचा १२३० ग्रॅम, म्हणजे सर्वसाधारणाहून काहीसा कमीच. आपल्या देशात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवली. १९४८ साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अशाच मापांची छाननी करून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही, असे दाखवून दिले.

मेंदू आणि मन यांत खरा फरक पडतो तो परिस्थितीने. गरोदर आईला आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मिठात आयोडीन मिसळण्याचे कारण हेच. रुमानियात अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास २००० सालानंतर झाला. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून कुटुंबांत वाढवण्यात आली. संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांची बुद्धी चांगली वाढली आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची अधिक. पोषण, माया आणि बोलणारी माणसे ही मेंदूची गरज आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अन्न, अक्षर आणि सन्मान नाकारला गेला, त्याला 'डोके नाही' म्हणणे म्हणजे रोप पाण्याविना ठेवून त्याच्या बियाण्याला नावे ठेवणे होय.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. हेरमान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की नुकतेच पाठ केलेले पहिल्या काही तासांतच वेगाने विसरले जाते, आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी ते टिकवते. दिवसा शिकलेले पक्के होण्यास झोपेचा मोठा हातभार लागतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढण्यापेक्षा महिनाभर रोज तासभर बसणे अधिक फायद्याचे. पहिल्या प्रयत्नात गणित सुटले नाही तर डोके नाही असे समजू नये. ती वाट अजून मळलेली नाही एवढेच समजावे. सवय चांगली असो वा वाईट, ती अशीच पडते. तंबाखूची पुडी आणि हातातील मोबाइल हेही मेंदूत आपली वाट मळत असतात.

संयुत्त निकायात तथागतांनी म्हटल्याचा उल्लेख आहे की मनाला 'मी' समजण्यापेक्षा एखाद्याने शरीराला 'मी' समजलेले बरे. कारण शरीर निदान काही वर्षे टिकते, मन तर क्षणाक्षणाला बदलते. ऐकायला हे निराशेचे वाटेल. परंतु जे बदलते तेच सुधारता येते. मेंदू आपल्याला आईबापांकडून मिळतो. मन मात्र त्या मेंदूच्या आधाराने रोज घडत असते, आणि ते घडवण्यात आपला, आपल्या घराचा व आपल्या समाजाचा वाटा असतो. अबोल झालेल्या मुलीला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे आणि शाळेतून काढलेल्या मुलाला परत वर्गात बसवणे, ही दोन कामे ज्या वस्तीत होतील, त्या वस्तीला मन आणि मेंदू यांचे नाते समजले, असे म्हणता येईल.